सुरी उचलली आणि झोप गेली

मला सुऱ्यांतलं काही कळत नाही. हे वाक्य मी फार आधी, चारचौघांत, खणखणीत आवाजात म्हणायला हवं होतं. पण माझा स्वभाव घुमा. घुम्या माणसाचा तोटा असा की तो गप्प बसला की समोरचे त्याच्या गप्प बसण्यात आपल्याला हवं ते भरतात, आणि भरताना हात आखडता घेत नाहीत.

सुरुवात कढीपत्त्याने झाली. अमरावतीला आमच्या गॅलरीतला कुंडीतला कढीपत्ता वाढून शेजारणीच्या वाळत घातलेल्या साड्यांना टोचायला लागला, म्हणून मी भंगारवाल्याकडून एक जुनी, जाड पात्याची सुरी आणली. ऑफिसातला एक सहकारी घरी आला होता. त्याने ती उचलली, उजेडात धरली आणि म्हणाला, "शिकारीची हाय ही, साहेब. जुनी. हे मॉडेल बंद झालं असन."

मी म्हणालो, "हं."

एवढंच. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बातमी होती की मी बंद पडलेल्या मॉडेलच्या शिकारी सुऱ्या ओळखतो. आठवडा संपायच्या आत एकाने डब्याच्या पिशवीतून पोळ्यांच्या खाली लपवून आजोबांची सुरी आणली. मग दुसऱ्याने आणली. मी सुरी हातात घ्यायचो, उलटीपालटी करायचो, चष्मा काढून पात्याच्या बुडाशी डोळा न्यायचो. तिथे काही दिसायचं नाही, कारण चष्मा काढल्यावर मला काहीच दिसत नाही. मग चष्मा लावून म्हणायचो, "मॉडेल बंद झालं हे." समोरचा माणूस कोजागिरीचं दूध प्यायल्यासारखा तृप्त होऊन जायचा.

हे वाक्य कधी चुकत नाही, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. ज्या अवस्थेतल्या सुऱ्या माझ्यापुढे यायच्या, त्या अवस्थेतली सुरी जगात कुठलाच कारखाना काढत नसणार.

लाज वाटून मी अभ्यास करायला घेतला, हेही खरं. फोनवर जुन्या सुऱ्या जमवणाऱ्यांचे गट असतात. त्यांच्यात शिरून मी फोटो पाहत बसायचो. एवढं कळलं की मुठीला लागून पात्यावर कारखान्याचा शिक्का असतो, तो पाहायचा. मुठीतले खिळे मोजायचे. म्यान मूळचं आहे का पाहायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की जुनी सुरी घासायची नाही, धार लावायची नाही, आहे तशी ठेवायची. घासली की किंमत गेली.

आता हा नियम आमच्या वऱ्हाडात कोणाला सांगता? खंडेनवमी आली की घरातलं यच्चयावत लोखंड चिंच आणि राख लावून घासलं जातं. त्याआधी धारवाला दारात येऊन प्रत्येक पातं सहाणेवर धरून जातो. मग हळद, कुंकू, पुन्हा पुढच्या वर्षी चिंच. पन्नास-साठ नवम्या खाल्लेल्या पात्यावर शिक्का कुठून राहणार? जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांची नावं आमच्याकडे चिंचेने पुसली. मी जे ओळखायचो ते त्या पुसलेल्या जागेवरून, म्हणजे कशावरूनच नाही.

विकायचा प्रश्न नसायचाच. मूठ खरोखर सांबरशिंगाची निघाली तर विकणं सोडा, घरात ठेवायलाही कायद्याची भीती. त्यामुळे माझ्याकडे किंमत म्हणून जी मागायचे ती मानाची. मानाची किंमत सांगून कोणाचं नुकसान होत नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. ती अकोल्यात मोडली.

अकोल्याला माझ्या बायकोचे दोन मामा राहतात. दोघंही सत्तरीच्या पुढचे, शेती बार्शीटाकळीकडे, घर अकोल्यात एकच, स्वयंपाकघरं दोन. वाटण्या कधीच झालेल्या. सामाईक उरल्या होत्या दोनच वस्तू. एक, त्यांच्या वडिलांची शिकारीची सुरी. दुसरी, मधल्या खोलीतला सागवानी झोपाळा. घर कट्टर शाकाहारी, अंड्यालासुद्धा उंबरठा ओलांडता येत नाही. पण वडील तरुणपणी एका गोऱ्या साहेबाबरोबर रानात वाट दाखवायला जायचे, आणि साहेबाने खूश होऊन दिलेल्या सुरीने त्यांनी एकदा बिबट्या पळवून लावला होता. मारला नाही, पळवून लावला. ही गोष्ट त्या घरात सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगतात, मधे कोणी उठायचं नाही.

झोपाळ्याची गोष्ट साधी होती. मोठे मामा जेवले की झोपाळ्यावर आडवे व्हायचे आणि चहापर्यंत झोपायचे. आयुष्यभर.

धाकट्या मामांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि मधल्या खोलीत भिंत घालायचं ठरलं. त्या खंडेनवमीला मी आणि बायको अकोल्यात होतो. पाटावर विळे, मोटारीचा पाना, मामीची कातरी, धाकट्या मामांचा मोबाईल आणि मधोमध झेंडूच्या माळेत ती सुरी. पूजा झाल्यावर धाकटे मामा म्हणाले, "भाऊ, भिंत यायच्या पयले हे दोन वाटे उरकून टाकू."

त्यांच्या घरची रीत अशी की धाकट्याने वाटे पाडायचे आणि मोठ्याने आधी उचलायचं. धाकट्या मामांनी एक सुपारी सुरीपुढे ठेवली, एक झोपाळ्याच्या फळीवर. मोठ्या मामांचा हात सरळ झोपाळ्याकडे निघाला होता. मी पाहिलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग कोणास ठाऊक काय वाटलं, ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"जवाईबापू, तुमाले समजते म्हंतात यातलं. कशी हाय सुरी?"

मी सुरी उचलली. सहाणेवर झिजून झिजून पातं लांबट, अरुंद झालं होतं. मूठ सांबरशिंगाची दिसत होती, तिच्या टोकाला धातूची टोपी आणि टोपीवर पानाची नक्षी. शिक्क्याच्या जागी हळद. मी चष्मा काढला.

"हं," मी म्हणालो.

"बंद मॉडेल?" धाकट्या मामांनी विचारलं.

"हं."

"मंग भारी असन?" मोठे मामा.

यावर मी काहीच म्हणालो नाही. नुसता चष्मा परत लावला. पण माझं चष्मा लावणं तोपर्यंत फार महाग झालेलं होतं. मोठ्या मामांचा हात मागे फिरला आणि त्यांनी सुरीपुढची सुपारी उचलली. मोठा असून धाकट्याने पाडलेल्या वाट्यांतला हलका वाटा उचलला असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी. त्यांना सुरी नको होती. मला ते दिसत होतं. मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

भिंत झाली. झोपाळा पलीकडे गेला. धाकट्या मामांना झोपाळ्यावर बसलं की गरगरतं, म्हणून धाकट्या मामींनी त्यावर मुगवड्या वाळत घातल्या. आणि भिंतीच्या अलीकडे मोठ्या मामांची दुपारची झोप जी उडाली ती उडालीच. खाटेवर झोपून पाहिलं, चटईवर पाहिलं, आरामखुर्चीत पाहिलं. मोठ्या मामी माझ्या बायकोला फोनवर सांगायच्या आणि बायको फोन स्पीकरवर ठेवायची.

"काय सांगू व पोरी, दुपारभर माह्या मांगंमांगं फिरते. भाजीच्या गंजावरचं झाकन काढून पाहते. काल म्हने, भाजीत कांदे जास्त झाले. पन्नास वर्सं झाली लग्नाले, या मानसानं कांदा कसा दिसते ते पाह्यलं नव्हतं!"

बायको हसायची. मी कढीपत्त्याला पाणी घालायला गॅलरीत जायचो. ओला असला तरी.

एकदा धीर करून मी मोठ्या मामांना फोन लावला. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं.

"बोला जवाईबापू."

"तब्येत कशी आहे?"

"तब्येत चांगली हाय. झोप नाई."

"हं," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

थंडी पडल्यावर भरिताचं बोलावणं आलं. बार्शीटाकळीजवळच्या वावरात दोन्ही घरं एकत्र भरीत करतात. भिंत घरात असते, वावरात नसते. बडनेऱ्याहून गाडीत बसल्यावर मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. 'मामा, मला त्या सुरीतलं काही कळत नव्हतं.' मूर्तिजापूर येईपर्यंत वाक्य अगदी तयार होतं, त्यात 'क्षमा' हा शब्दही घातला होता. पण तिथे भजीवाला डब्यात चढला, आणि अकोला आलं तेव्हा माझ्याजवळ फक्त तेलकट कागद होता.

वावरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ केलेला. त्यात वांगी. धाकट्या मामी जाळापुढे बसून वांगी उलटत होत्या. मोठे मामा बाजेवर बसले होते. डोळे लाल, मान पुढे, हातातल्या भाकरीचा तुकडा खाली आणि तेही त्याच दिशेने निघालेले. मोठ्या मामींनी कोपराने ढोसलं की दचकून जागे व्हायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी हाय." भरीत अजून झालंच नव्हतं.

मी नजर चुकवायला जाळाकडे पाहिलं. धाकट्या मामींच्या हातात वांगी टोचून उलटायचा एक काटा होता. लांब, दोन दातांचा. आणि त्याच्या मुठीच्या टोकाला धातूची टोपी. तिच्यावर पानाची नक्षी.

मी चष्मा काढला नाही. लावूनच नीट पाहिलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली खरी पाहणी.

"मामी," मी विचारलं, "हा काटा कुठला?"

"हा? सासूबाईचा हाय. चिमट्यानं वांगं फुटते, यानं नाई फुटत. काहून?"

काहून ते मला एकदम समजलं. फोनवरच्या गटात मी अशा जोड्या पाहिल्या होत्या आणि शिकारीच्या नाहीत म्हणून बोटाने सरकवून दिल्या होत्या. साहेब लोकांच्या जेवणाच्या टेबलावर अख्खी भाजलेली कोंबडी यायची. या काट्याने ती दाबून धरायची आणि जोडीच्या सुरीने काप काढायचे. लांबट, अरुंद पातं सहाणेने झालं नव्हतं, ते मूळचंच तसं होतं. मूठ सांबरशिंगाची नव्हती. गुरांच्या हाडाला खाचा पाडून शिंगासारखी केलेली. साहेबाने खूश होऊन जे दिलं ते जेवणाच्या पेटीतून काढून दिलं होतं. मॉडेल बंद झालेलं होतं, एवढं मात्र मी बरोबर सांगितलं होतं.

आता गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. मी बसलोही. पुढ्यात भरीत आलं, मी घास घेतला. तेवढ्यात मोठ्या मामांची मान पुरती गेली आणि त्यांचं कपाळ ताटलीतल्या गरम भरितात टेकलं. मामी पदराने त्यांचं कपाळ पुसायला लागल्या. त्या कपाळावर वांग्याची एक बी चिकटून राहिली होती. ती पाहून माझ्याच्याने राहवेना.

"मामा," मी म्हणालो, "ती सुरी शिकारीची नाही."

माझ्या तोंडून सलग एवढे शब्द आलेले पाहून बायकोने पाण्याचा गडू खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. मला सुऱ्यांतलं कळत नाही, त्या दिवशीही कळलं नव्हतं, 'हं' म्हणालो ते दुसरं काही सुचलं नाही म्हणून. चष्मा काढल्यावर मला दिसत नाही. आणि ही सुरी त्या काट्याची जोड आहे, साहेबाच्या टेबलावर कोंबडी कापायची.

जाळात एक वांगं फुटलं.

"कोंबडी?" धाकटे मामा म्हणाले.

"कोंबडी," मी म्हणालो. "भाजलेली."

"आमच्या घरात अंडं येत नाई आन तुमी कोंबडी घेऊन आले?"

मोठ्या मामांची झोप साफ उडाली होती. "म्हंजे माहा बाप रानात बिबट्याले का जेवाले वाढून राहिला होता? 'घ्या, अजून एक काप घ्या' म्हनत होता?"

"बिबट्या पळाला असेल, मामा. सुरी पाहूनही पळाला असेल. मी फक्त सुरी कशाची ते—"

"अबे, बिबट्याले समजलं आन यायले नाई समजलं!" धाकटे मामा मोठ्या भावाला म्हणाले. वाटे झाले तेव्हापासून दोघं धड बोलत नव्हते. आता खांद्याला खांदा लावून माझ्याविरुद्ध उभे होते. सुरी शिकारीची नाही हे दोघांनाही मान्य नव्हतं. कारण सुरी कोणाच्याही वाट्याला गेली असली तरी बाप दोघांचा होता.

मी घाईघाईने मुद्द्यावर आलो. "माझं म्हणणं एवढंच की वाटे चुकले, ते माझ्यामुळे. झोपाळा मोठ्या मामांना परत—"

"नाई," मोठे मामा म्हणाले.

"का?" मी विचारलं.

"झोपाळा वापस घेतला म्हंजे सुरी कोंबडीची ठरली. मी मरेन पन घेनार नाई."

"आन मी देनार नाई," धाकटे मामा म्हणाले. "बाबाची इज्जत हाय ते. भाऊ, तू बरोबर बोलला."

"तू बी बरोबर बोलला."

असे ते दोघं एकमेकांना बरोबर ठरवत बसले आणि माझ्या खरं बोलण्याने झोपाळा भिंतीच्या पलीकडे आणखीच पक्का झाला. आयुष्यात एकदा तोंड उघडलं, आणि ते असं.

तेव्हा मोठ्या मामी उठल्या. त्यांनी जावेच्या हातातला काटा काढून घेतला, एक वांगं झटकलं आणि दिराच्या नाकासमोर धरला.

"भाऊजी, हे का हाय?"

"काटा हाय."

"सुरीची जोड हाय का नाई? नक्षी पाहा."

धाकट्या मामांनी पाहिली. नक्षी नाकारायला जागा नव्हती. "हाय."

"मंग सुरी शिकारीची, तं हा बी शिकारीचा. इतके वर्सं आर्धं हत्यार तुमच्या चुलीपाशी होतं आन आमाले झोपाळ्याच्या बदल्यात नुसतं आर्धं देल्लं. झाली का नाई फसवनूक? झोपाळा वापस द्या. आन सुरी कोंबडीची असन, तं कोंबडी कापाच्या सुरीपायी कोनी झोपाळा देते का? तरी झोपाळा वापस द्या. आता तुमीच सांगा, तुमचा बाप कशाचा?"

धाकट्या मामांनी मोठ्या मामांकडे पाहिलं. मोठ्या मामांनी जाळाकडे पाहिलं.

"शिकारीचा," धाकटे मामा म्हणाले.

"मंग काटा बी आमाले द्या, जोड तुटाले नाई पाह्यजे."

"काटा नाई देत!" धाकट्या मामी पहिल्यांदाच बोलल्या. "झोपाळा ने, बाई. माह्या मुगवड्या मी गच्चीवर वाळवतो. पन वांगं मी चिमट्यानं नाई भाजत."

असा सौदा झाला. शिकारीचा तो काटा धाकट्या मामींनी पाण्याने धुतला आणि पुढच्या वांग्यात खुपसला. मला कोणी काही विचारलं नाही. जेवताना मात्र दोन्ही मामा शेजारीशेजारी बसून माझ्याबद्दल बोलत होते, मी समोर असतानाच.

"जवाई मानूस चांगला हाय," धाकटे मामा म्हणाले. "पन समजत काई नाई."

"भैताड हाय," मोठे मामा म्हणाले. "गप्प राहते तवरी बरा वाटते."

इतक्या वर्षांत माझं इतकं अचूक मूल्यमापन कोणी केलं नव्हतं. मी भरीत आणखी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस बोलावून मोठ्या मामांच्या बाजूला छतात कड्या बसवल्या. झोपाळा धाकट्या मामांच्या दारातून बाहेर काढून, अंगणातून फिरवून, मोठ्या मामांच्या दारातून आत आणला. एक टोक मी धरलं होतं, दुसरं धाकट्या मामांनी. त्यांनी वाटभर मला बिबट्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. फळी खांद्यावर असल्यामुळे मधेच उठायचा प्रश्न नव्हता.

दुपारी जेवणं झाली. आमची परतीची गाडी होती. मोठे मामा झोपाळ्यावर आडवे झाले, उशी मानेखाली घेतली आणि मला जवळ बोलावलं. आवाज कडक होता.

"जवाईबापू, एक गोष्ट ध्यानात ठेवा. आमच्या बापानं ते सुरी अशी काढली. अशी. आन बिबट समोर. तवा त्यानं..."

पुढचं आलं नाही. तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून बारीक घोरणं सुरू झालं. मी हळूच मागे सरकलो. आडवे होताना त्यांनी दिलेला झोका सरत आला, झोपाळा मंद झाला आणि मामांच्या पापण्या हलल्या.

"अगा, थांबू नका!" मामी स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात ओरडल्या. "नवीन कड्या हायेत, आपोआप हलत नाई तो. थांबला का जागा होते, आन मंग माह्या गंजावरचं झाकन काढते. पाय लावून हालवत राहा."

मी झोपाळ्याशी खुर्ची ओढली, चप्पल काढली आणि फळीला पाय लावला. बायको दोन्ही पिशव्या घेऊन दारात उभी होती, घड्याळाकडे बोट दाखवत. मी तिला हाताने खुणावलं की तू हो पुढे, मी उद्या येतो.